गाठ एवढी मोठी, आणि कॅन्सरच्या पेशी मोजक्याच

नाशिकला कॉलेज रोडला एका लॅबमध्ये पॅथॉलॉजिस्ट आहे मी, आणि मागच्या आठवड्यातली एक केस डोक्यातून जातच नाहीये. निफाडकडचे एक द्राक्ष बागायतदार, कावीळ झालेली, वजन उतरलेलं, स्कॅनमध्ये स्वादुपिंडाच्या डोक्याशी चांगली मोठी गाठ. बायोप्सी आली, स्लाइड लावली तर सगळीकडे गुलाबी गुलाबी कोलॅजन, म्हणजे चिवट तंतूंचं प्रथिन, आणि त्यात ते तयार करणाऱ्या लांबट फायब्रोब्लास्ट पेशी, कॅन्सर कुठेच दिसेना. स्वादुपिंडात असं नुसतं फायब्रोसिस (व्रणासारखा तंतुमय भाग) आलं म्हणजे कॅन्सर नाही असं अजिबात धरायचं नसतं, म्हणून ब्लॉकमधून अजून खोल सेक्शन कापून घेतले, आणि तिथे सापडल्या दोन-चार वेड्यावाकड्या ग्रंथी, कोलॅजनमध्ये पार गाडल्या गेलेल्या. ग्रंथींच्या पेशी उठून दिसाव्यात म्हणून सायटोकेराटिनचा स्टेन लावून खात्री केली. अॅडिनोकार्सिनोमाच, म्हणजे ग्रंथींच्या पेशींचा कॅन्सर.

रिपोर्ट न्यायला त्यांची मुलगी आली, बीएस्सी करतेय. तिला मायक्रोस्कोपखाली दाखवलं. म्हटलं, हे जे बाकीचं दिसतंय ना, ते जखम भरणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशींचं काम आहे. जखम भरली की त्या गप्प होतात, पण इथे ट्यूमर टीजीएफ-बीटासारखे सिग्नल सोडून त्यांना जागंच ठेवतो, मग त्या कोलॅजन टाकत राहतात, वर कॅन्सरला ग्रोथ फॅक्टरही पुरवतात, रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि केमो आत नीट पोचतच नाही.

"मग मॅडम, आधी ह्या पेशीच मारायच्या ना?"

अगदी बरोबर प्रश्न! 2009 मध्ये उंदरांवर हेजहॉग सिग्नल, म्हणजे ट्यूमर ह्या पेशींना चेतवतो तो एक मार्ग, बंद करून हेच केलं होतं, जेमसिटाबिन हे केमोचं औषध जास्त आत गेलं, उंदीर जास्त जगले, सगळ्यांना केवढी आशा वाटली. पण त्याच प्रकारच्या औषधाची पेशंटवरची ट्रायल 2012 मध्ये थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांचंच जास्त बिघडत होतं. 2014 मध्ये उंदरांमधल्या ह्या पेशी काढून पाहिल्या तर कॅन्सर उलट जास्त आक्रमक झाला. म्हणजे ह्यातल्या काही पेशी त्याला अडवूनही धरतात. म्हणून आता सरसकट मारण्यापेक्षा त्यांना पुन्हा शांत करता येतं का, ह्यावर काम चाललंय, व्हिटॅमिन डीसारखी औषधं वापरून वगैरे, आणि मला खरंच वाटतं की रस्ता इथूनच निघेल.

पण तिला हेही स्पष्ट सांगितलं, हे सगळं अजून संशोधनात आहे, गाठ विरघळवतो म्हणणाऱ्या कुणाच्या नादी लागू नका आणि अण्णांना मनाने व्हिटॅमिन डीचे डोस देत बसू नका. आता पित्तनळी मोकळी राहावी म्हणून तिच्यात स्टेंट, म्हणजे छोटी नळी, टाकलाय, कावीळ उतरली की केमो सुरू होईल.