वीस की बावीस

मालवणात मे संपला की बोटी वर ओढतात, आणि पाणी निवळून डायव्हिंग सुरू व्हायला ऑक्टोबर उजाडतो. मधल्या महिन्यांत आम्ही पाण्याखाली श्वास घ्यायचे रेग्युलेटर खोलून साफ करतो, सिलिंडर तपासायला पाठवतो आणि परीक्षा घेतो. यंदा ऑगस्टमध्ये दोन मुलांची डाइव्हमास्टर, म्हणजे इतर डायव्हरांना सांभाळून पाण्याखाली नेणारा, होण्यासाठीची पोहण्याची चाचणी होती. त्यातल्या एकाचा कागद अजून माझ्या ड्रॉवरमध्ये पडून आहे.

'पाडी' या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेचा गुणांचा तक्ता साधा आहे. 400 मीटर, फिन्स-मास्क काही न लावता, न थांबता. साडेसहा मिनिटांच्या आत आलात तर 5 गुण, 8:40 पर्यंत 4, 10:50 पर्यंत 3, 13 मिनिटांपर्यंत 2 आणि त्यापुढं 1. थांबलात तरच चाचणी अपुरी. उशीर झाला म्हणून कुणी नापास होत नाही. हे पर्यटकांना सांगितलं की ते माझ्याकडं संशयानं बघतात. पण पाच चाचण्या मिळून 25 पैकी 15 गुण लागतात, आणि हळू पोहणाऱ्याला ते तिथं गाठतं.

एक मुलगा पुण्याचा, क्लबात पोहलेला. 7:50 मध्ये आला, टॉवेल गुंडाळून चहा प्यायला गेला. त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

दुसरा वाडीतला. पाच हंगाम आमच्या बोटीवर आहे. सिलिंडर भरण्यापासून नांगर टाकण्यापर्यंत सगळं करतो. आदल्या दिवशी त्याच्या बाकीच्या चारही चाचण्या झाल्या होत्या. स्नॉर्केल लावून, तोंड पाण्यात, हात न वापरता 800 मीटर 17:40 मध्ये: 3 गुण. पाण्याखाली एकमेकांशी सामान बदलण्याची चाचणी: 3. निपचित पडलेल्या डायव्हरला 100 मीटर ओढत नेण्याची: 2:50, म्हणजे 4. ही शेवटची मला बघत राहावीशी वाटली. पुण्याच्या मुलानं समोरच्याला बगलेत धरून झटके दिले, दोघांच्या नाकात पाणी. यानं आधी त्याची बीसीडी, म्हणजे अंगातलं हवा भरायचं जाकीट, फुगवली, मग सिलिंडरच्या मानेवर एकच हात ठेवला आणि मांडीपासून फिन्स चालवले. होडी किनाऱ्याला लावावी तसा तो गडी सरळ काठाला आणून लावला. बीसीडी फुगवायची हे पुस्तकात असतं. हात कुठं ठेवायचा ते या पोराला कुणी शिकवलं नव्हतं, निदान मी तरी नाही.

पण 15 मिनिटं तरंगताना त्याचा एक घोळ झाला. शेवटची 2 मिनिटं हात पाण्याबाहेर ठेवायचे असतात. अंगावर मांस नाही, त्यात तलावाचं गोडं पाणी. खारं पाणी अडीच टक्क्यांनी जड, तेवढंच ते जास्त उचलून धरतं. साठ किलोच्या माणसाला दीड किलोचा फरक पडतो, आणि समुद्रात वाढलेल्या पोराला तो दीड किलो गळ्याशी येतो. मनगटं दोनदा बुडाली. 5 ऐवजी 3.

म्हणजे 13 झाले होते. 400 मीटरमध्ये 2 मिळाले की पास.

तो पोहतो डोकं वर ठेवून. समुद्रात पुढची लाट आणि मागची बोट दोन्ही बघावी लागते, ती सवय. त्यात पाय खाली जातात आणि पाणी अडतं. शिवाय भिंतीवर लाथ मारून सुटायचं असतं हे त्याला ठाऊकच नाही. दर्यात भिंत कुठं? तो काठाला हात लावतो आणि गाडी वळवावी तसा सावकाश वळतो. हॉटेलचा तलाव 20 मीटरचा, मी स्वतः टेपनं मोजलेला. (पाटीवर 25 लिहिलंय म्हणून 25 धरणारे प्रशिक्षकही मी पाहिलेत.) 20 मीटरच्या तलावात 19 वळणं. प्रत्येक वळणाला दोन मीटर फुकट मिळतात, ते हा सोडून देत होता.

फेऱ्या मी आठळ्यांनी मोजतो. मे महिन्यातल्या फणसाच्या सुकवून ठेवलेल्या वीस आठळ्या डाव्या हाताला, एक फेरी झाली की एक उजवीकडच्या मगात. पाऊस होता, स्टॉपवॉच छत्रीखाली धरलेलं. मधेच हॉटेलचा मॅनेजर आला. पाहुण्यांच्या मुलांना पाण्यात उतरायचंय, अजून किती वेळ, तलाव काय आम्ही तुम्हाला लिहून दिलाय का, वगैरे. मी दीड मिनिट त्याच्याशी बोललो असेन. आठळ्या टाकत होतो. म्हणजे टाकत होतो असं मला वाटतंय.

शेवटची आठळी मगात पडली तेव्हा घड्याळात 13:16. मी 1 लिहिला आणि कागद त्याच्यापुढं धरला.

त्यानं कागद बघितला, माझ्याकडं बघितलं. "सर, मी दोन जास्त मारलंय."

"कशावरून?"

"देवळाकडना सुरू केलंय. एकेक घर. जेटीर वीस घरां भरली, मगे परतून दोन घरां इलंय."

हा पोरगा वाडीतली घरं धरून फेऱ्या मोजत होता. प्रत्येक फेरीला एक घर: आत कोण राहतं, दारात काय आहे. बाविसाव्या फेरीला कुणाच्या अंगणात होता तेही त्यानं सांगितलं.

मी तिथंच हिशेब केला. 13:16 मध्ये बावीस फेऱ्या म्हणजे एकीला छत्तीस सेकंद. विसाव्या फेरीला 12:04. 2 गुण. पास. आणि मॅनेजरशी घातलेल्या दीड मिनिटात छत्तीस-छत्तीसच्या दोन फेऱ्या आरामात बसतात.

"जेवून ये, दुपारी परत पोह," मी म्हटलं. परत घेता येते, त्यात काही गैर नाही.

"परत पोवचंय नाय."

"अरे, तुझ्याच फायद्याचं आहे."

"परत पोवलंय तर तुमचा खरा ठरता."

कपडे करून तो निघून गेला. मला राग आला, तो त्याचा आला की मॅनेजरचा, सांगता येत नाही. बरोबरचा प्रशिक्षक म्हणाला, दोन लिहून टाक, कोण बघतंय. तो हे सगळ्याच बाबतीत म्हणतो. पण जे मी पाहिलं नाही त्याखाली सही कशी करू? मग रात्री लक्षात आलं की 1 गुणसुद्धा मी पाहिलेला नाही. मी फक्त मगातल्या आठळ्या पाहिल्या. 1 खोडला, चौकट कोरी ठेवली.

रविवारी पाऊस थांबला तसा मी वाडीत गेलो. देवळापासून निघालो, उजव्या-डाव्या दोन्ही बाजूंची घरं मोजत जेटीपर्यंत. वीस. येताना पुन्हा मोजली तर अठरा. मग कळलं: दोन घरांना कुलूप होतं. एकाच्या अंगणात गुडघाभर गवत वाढलेलं, दुसऱ्याच्या पडवीची कौलं सरकलेली. जाताना ती धरली होती, येताना राहिली. आणि घोडं तिथंच अडलं. अठरा घरं धरून तो जेटीला पोचला असेल, तर त्याच्या फेऱ्या होतात वीस, आणि माझ्या आठळ्या बरोबर.

कुलूपवाल्या घराशेजारी एक म्हातारी पडवीत बसून वाती वळत होती. मी तिसऱ्यांदा समोरून गेलो तेव्हा म्हणाली, "कोणाचा घर सोदतास?"

"कोणाचं नाही, आजी. वाडीत घरं किती आहेत ते बघतोय. ही बंद घरं धरायची का?"

"बंद खंयची?" ती म्हणाली. "चतुर्थेक उघडतत मरे."