लिनोवर 'विनाथांबा' कोरताना

लिनोकट म्हणजे लिनोलियमचा तुकडा, म्हणजे ब्लॉक, कोरायचा आणि न कोरलेल्या उंच भागाला शाई लावून कागदावर उलट छाप घ्यायचा. त्यात चित्र कोरणं वेगळं आणि अक्षर कोरणं वेगळं, हे एसटीची पाटी करायला घेतली तेव्हा नीट कळलं. डोक्यात चित्रकार झरीना हाश्मींची १९९९ ची 'होम इज अ फॉरेन प्लेस' ही मालिका होती, ३६ वुडकट (लाकडावर कोरून छापलेली चित्रं), प्रत्येकात एक उर्दू शब्द. त्यांनी शब्दांची यादी आधी केली आणि चित्रं त्यावरून. म्हटलं आपणही शब्दापासूनच सुरुवात करू, आणि घेतला 'विनाथांबा'.

ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीने जाड अक्षरं काढायची, पेपर पालथा घालून चमच्याच्या पाठीने घासायचा, अक्षरं लिनोवर आपोआप उलटी येतात, उलटं लिहायची कसरतच नको. फक्त ब्लॉकवर 'वि'ची वेलांटी उजवीकडे जाते आणि चक्क दीर्घ वाटते, आई येता जाता म्हणायची अगं शुद्धलेखन बघ जरा.

अक्षरं खोदून पांढरी काढणं सोपं, व्ही टूल (V आकाराच्या टोकाचं कोरायचं हत्यार) फिरवलं की झालं, पण ती वहीत लिहिल्यासारखी दिसतात, पाटीचा ठसठशीतपणा येत नाही. म्हणून उठावाची ठेवली. मग अक्षराभोवतीचं सगळं काढायचं आणि अक्षराच्या पोटातलंही! 'व'चं पोट ठीक आहे हो, पण 'ब'मध्ये ती तिरकी रेघ, तिच्या दोन्ही बाजूंना तांदळाच्या कणीएवढी जागा उरते, तिथे शाई भरली की 'ब'चा नुसता काळा गोळा. त्यामुळे अख्ख्या ब्लॉकचं माप 'ब'ने ठरवलं, चित्राला उरेल ती जागा. आणि 'थां'वरचा अनुस्वार म्हणजे एकटं उभं टिंब, भोवती सरळ खाली कापत गेलं तर रोलर फिरतानाच उखडतं, म्हणून उतार देत कापायचं, वर अरुंद आणि बुडाशी रुंद.

लिनो कडक झाला होता, उन्हात ठेवून मऊ केला आणि मग टूल छान चाललं. शाई तेलाची, थर अगदी पातळ, काचेवर रोलर फिरवताना चरचर आवाज यायला हवा, पचपच आला तर शाई जास्त आहे समजायचं. प्रेस नाही माझ्याकडे, सगळं चमच्यानेच घासलं. कागद पुण्याच्या हातकागद संस्थेचा, थोडा खरखरीत, त्यामुळे शिरोरेषेत बारीक पांढरे ठिपके राहतात. ते मला आवडतात, रंग उडालेल्या जुन्या पाटीसारखं दिसतं, गुळगुळीत कागदावर तेच प्रिंट कॉम्प्युटरवरून काढल्यासारखं वाटलं. मोकळ्या जागेत रोलर टेकून उमटलेल्या रेघाही तशाच ठेवल्या, काहीजण त्या साफ करतात, पण माझ्या मते हाताने कोरल्याची तेवढीच खूण राहते, मग पुसायची कशाला.

आता अक्कलकोट घ्यायचंय, पण 'क्क' एकाखाली एक कोरायचा की आडवा, हे अजून ठरत नाहीये.