हात कुठून सुरू होतो

सोमवार

आज मॉडेल बघून आकृती काढायच्या वर्गात सुरुवातीच्या सगळ्या पोज ३० सेकंदांच्या होत्या. एवढ्या वेळात चेहरा होत नाही, बोटं होत नाहीत, कपड्याची एखादी चुणीही हाती लागत नाही. कागदावर उतरतो तो फक्त शरीराचा ओघ, डोक्यापासून टाचेपर्यंत कुठून कुठे गेलाय तेवढा. यालाच जेश्चर म्हणतात, आणि मला सत्रातला हाच भाग सगळ्यात आवडतो. पेन्सिल आडवी, मनगट सैल, रेघ खांद्यातून काढायची. मॉडेलने पोज बदलली की पान उलटायचं. काढलेलं बघत बसायचं नाही.

मग दोन-दोन मिनिटांच्या पोज आल्या. मी बरगड्यांकडे वळणार इतक्यात मागून सर म्हणाले, "स्नायू राहू दे. आधी सांग, वजन कुठल्या पायावर आहे?"

उभ्या आकृतीचं निम्मं काम या प्रश्नात होऊन जातं. माणूस दोन्ही पायांवर सारखा भार देऊन फार वेळ उभा राहतच नाही. भार एका पायावर गेला की त्या बाजूचं कमरेचं हाड वर उचललं जातं आणि दुसरं खाली उतरतं. तोल सावरायला खांदे उलट झुकतात, म्हणजे भाराच्या बाजूला कंबर वर आणि खांदा खाली. त्या कुशीत कातडी दुमडते, समोरची कूस ताणून लांब होते. गळ्याच्या खळगीतून ओळंबा सोडला तर तो भार घेतलेल्या पायाच्या घोट्याजवळ उतरतो. एवढं जमलं की आकृती जमिनीवर उभी राहते. नाही जमलं तर वरून कितीही छायांकन करा, ती कलंडलेलीच दिसते.

ग्रीक शिल्पकारांना हे इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकात गवसलं होतं. पॉलिक्लिटसचा भालाधारी तरुण असाच उभा आहे, सगळा भार एका पायावर. मूळ ब्राँझचा पुतळा काळाच्या ओघात नष्ट झाला. आपल्यापर्यंत पोचल्या त्या रोमन काळातल्या संगमरवरी प्रती. पण त्या प्रतींतही कंबर आणि खांदे यांचा उलटसुलट कल बोट ठेवून दाखवता येतो.

मंगळवार

हात डोक्यावर नेलेली एकच पोज आज संध्याकाळभर काढत होते.

हात खाली सोडलेला असताना खांदा समजायला सोपा वाटतो. वर एक गोलसर उंचवटा, त्यातून उतरणारा दंड. हात वर गेला की हे सगळं मोडतं. दंड नुसता बिजागरीवर फिरवल्यासारखा वर नेला तर तो धडाला मागाहून चिकटवल्यासारखा दिसतो. माप बरोबर असतं, कोन बरोबर असतो, तरीही तो हात त्या माणसाचा वाटत नाही. याचं उत्तर कातडीवर सापडत नाही, त्यासाठी सांगाड्यापर्यंत जावं लागतं.

हाताची हाडं धडाच्या सांगाड्याला फक्त एका जागी सांधलेली आहेत, आणि ती जागा खांद्यावर नाहीच. ती गळ्याच्या खळगीशेजारी आहे, कॉलरबोनचं, म्हणजे गळ्याखालच्या आडव्या हाडाचं, आतलं टोक छातीच्या मधल्या हाडाला जिथे मिळतं तिथे. खांद्याचं पातं पाठीमागे बरगड्यांना कुठेही जोडलेलं नाही. स्नायूंनी धरून ठेवलेलं ते पातं बरगड्यांवरून सरकत असतं. म्हणजे चित्रकाराच्या दृष्टीने हात सुरू होतो तो गळ्यापाशी.

हे स्वतःच्या अंगावर तपासता येतं. डाव्या हाताचं बोट उजव्या कॉलरबोनच्या आतल्या टोकावर टेकवायचं आणि उजवा हात बाजूने सावकाश वर न्यायचा. बोटाखालचं हाड हलायला लागतं. हात खांद्याच्या पातळीला येईपर्यंत ते टोक चांगलंच सरकलेलं असतं, आणि दंड कानाशी येईपर्यंत अख्खी कॉलरबोन स्वतःभोवती थोडी फिरलेली असते. वाचून मला हे ठाऊक होतं. बोटाला कळल्यावर मात्र पुढचं रेखाटन लगेच वेगळं आलं. कॉलरबोनची रेघ तिरकी वर चढवली, आणि तिच्या मागोमाग दंड आपोआप जागेवर गेला.

हात खालून पूर्ण वर जातो तेव्हा साधारण १८० अंश फिरतो. त्यातले सुमारे १२० अंश खांद्याच्या सांध्यात होतात आणि बाकीचे ६० पात्याच्या फिरण्यातून येतात. म्हणजे एक तृतीयांश हालचाल अशा हाडाची, जे समोरून दिसतही नाही. पात्याचं खालचं टोक काखेकडे सरकतं, आणि मागून बघितलं तर धडाची कड तिथे किंचित बाहेर आलेली दिसते. आधी मी ती कड स्नायूंच्या खात्यात टाकत असे. आता तिथे हाड दिसतं आणि ती रेघ थोडी टणक येते.

काखेचंही तसंच. हात वर असताना काख म्हणजे दोन भिंतींमधला खड्डा. पुढची भिंत छातीच्या स्नायूची, मागची पाठीच्या रुंद स्नायूची. दोन्ही स्नायू धडावरून निघून दंडाच्या हाडाला, वरच्या भागात, जवळजवळ जाऊन बसतात. त्यामुळे हात उचलला की दोन्ही भिंती वर खेचल्या जातात, छातीचा फुगवटा सपाट होतो, खांद्यावरचा डेल्टॉइड स्नायू आकसून कानाखाली गोळा होतो. या भिंती कुठे सुरू होऊन कुठे संपतात हे कळलं की काखेतली गडद छाया अंदाजाने भरावी लागत नाही.

झोपण्याआधी लिओनार्दो दा विंचीने १५१०-११ च्या सुमाराला काढलेली खांद्याची पानं पुन्हा बघितली. ती आता इंग्लंडमधल्या विंडसरच्या राजसंग्रहात आहेत. एकच खांदा, त्याच्याभोवती पायरीपायरीने फिरत काढलेला: समोरून, बाजूने, मागून. आणखी एक युक्ती त्याने केली. काही ठिकाणी मांसल स्नायूंच्या जागी नुसत्या दोऱ्या दाखवल्या, म्हणजे कोण कुठून कुठे ओढतोय ते उघडं दिसावं. ५०० वर्षांनंतर मला माझ्या टेबलाशी बसून ते वाचता येतंय, याचं मला खरंच फार अप्रूप वाटतं. लगेच आजच्या रेखाटनावर ट्रेसिंग पेपर ठेवून मीही फक्त दोऱ्या काढल्या. छायांकन नाही, कातडी नाही. आठवड्याभरातला सर्वांत उपयोगी कागद बहुतेक तोच ठरेल.

गुरुवार

काल काही काढलं नाही. आज कोपराखालचा हात.

तळवा वर केला की रेडियस आणि अल्ना ही दोन हाडं समांतर असतात. तळवा खाली फिरवला की अल्ना जागच्या जागी राहते आणि रेडियस तिला ओलांडून पलीकडे जाते, मनगट आणि पंजा घेऊन. कोपराच्या टोकापासून करंगळीच्या बाजूच्या मनगटापर्यंत अल्नाची कड सलग कातडीखाली चाचपता येते. पंजा कसाही फिरवा, ही कड सापडतेच. म्हणून आता मी हाताचा हा भाग काढताना पहिली रेघ तिथे टाकते. कोपराचं टोक आणि करंगळीकडचा मनगटाचा उंचवटा आधी ठरवायचे, मग अंगठा कुठल्या बाजूला आहे ते बघायचं, आणि बाकीचं मांस त्या दोघांमधल्या पिळानुसार भरायचं. मांस कोपराजवळ जास्त, मनगटाजवळ जवळपास नुसत्या कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या. मनगट गोल नळीसारखं नसतं, ते चपटं असतं, जाडीपेक्षा रुंदीला जास्त. पट्टीच्या घड्याळाकडे नीट बघितलं तरी हे कळतं.

शरीररचना शिकण्याच्या पद्धतीबद्दल माझं मत आता पक्कं झालंय. शरीरात २०६ हाडं आणि ६०० हून अधिक स्नायू आहेत. ती यादी आधी पाठ करून मग चित्र काढायला बसणाऱ्यांच्या आकृत्या मी पाहिल्या आहेत. प्रत्येक स्नायू जागेवर, सगळे एकाच वेळी ताठ, आणि माणूस मात्र कुठेच नाही. जिवंत शरीरात एक स्नायू आकसतो तेव्हा त्याच्या विरुद्ध काम करणारा बहुधा सैल पडतो. कोपर दुमडताना दंडाच्या पुढचा बायसेप्स गोळा होतो आणि मागचा ट्रायसेप्स पसरतो. दोन्हींना सारखाच फुगवटा दिला तर ते मांस दिसतं, हालचाल दिसत नाही.

म्हणून क्रम उलटा हवा. आधी जिवंत माणूस काढायचा. काढताना जिथे रेघ अडते, तिथला प्रश्न वहीच्या कडेला लिहायचा. मग सांगाड्याचं पुस्तक उघडायचं आणि फक्त तेवढंच बघायचं. मग पुस्तक मिटून तीच पोज आठवणीतून पुन्हा काढायची. या शेवटच्या पायरीचा कंटाळा येतो, मलाही येतो, पण समजलेलं हातात मुरतं ते तिथेच. समोर बघून काढताना डोळा हाताला सावरून घेतो. आठवणीतून काढताना हाताला स्वतः ठरवावं लागतं की पातं कुठपर्यंत सरकलं असेल.

शुक्रवार

थोडंसंच, प्रमाणांबद्दल. प्रौढ माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या साधारण साडेसातपट. चित्रात भारदस्तपणा हवा असेल तर ८ डोकी धरतात. उंचीचा मध्य जांघेच्या पातळीला येतो, बेंबीला नाही. वर्षाच्या बाळाची उंची जेमतेम ४ डोक्यांची. डोळे डोक्याच्या उंचीच्या मध्यावर. कपाळ आणि केस मिळून किती जागा घेतात ते नवीन शिकणाऱ्याला पटतच नाही. ही मापं मला हवीतच, पण जेश्चरनंतर. आधी मापं आखून त्यात माणूस बसवायला गेलं की तो ताठरतो. आणि समोरच्या माणसाचं डोकं मोठं असेल, पाय आखूड असतील, तर तसेच काढायचे. साडेसातचा आकडा तुलनेसाठी आहे, समोरच्याला दुरुस्त करण्यासाठी नाही.

शनिवार, उशिरा

आज मोठी पोज. मॉडेल म्हणून काकू बसल्या होत्या. साठी ओलांडलेल्या, अंगाने भरलेल्या. पहिला भाग उभ्याने, काठीवर एक हात उंच धरून.

भरलेल्या शरीरात शरीररचना दिसत नाही असं अनेकांना वाटतं. आज उलट अनुभव आला. जिथे हाड कातडीच्या लगत असतं आणि कातडी तिथे घट्ट धरलेली असते, त्या जागा सगळ्या शरीरांत त्याच असतात. सडपातळ अंगावर तिथे उंचवटा दिसतो, भरलेल्या अंगावर खळी. काकूंच्या कमरेमागे दोन खळ्या होत्या, त्याखाली माकडहाडाकडे उतरणारा त्रिकोण. तेवढ्यावरून कंबर कुठे वळलीय, किती कललीय, सगळं वाचता येत होतं. कोपरावर तसंच, कोपर सरळ असताना हाडाच्या टोकाशी एक खळी. मी त्या खळ्या आधी ठिपक्यांनी मांडल्या, ठिपके जोडले, आणि मगच बाहेरची कड काढायला घेतली. माझ्या आजवरच्या बसक्या-उभ्या अभ्यासांत एवढं वजन क्वचित आलं असेल. त्या कागदावर कंबर खरोखरच पायावर टेकलेली आहे.

विश्रांतीत मी विचारलं, "काकू, हात दुखला असेल ना?"

"हात नाही गं," त्या मानेच्या बाजूला, खांद्याकडे उतरणाऱ्या भागावर बोट ठेवत म्हणाल्या, "हे इथे भरून येतं."

ट्रॅपीझियस या स्नायूचा वरचा भाग. मानेपासून कॉलरबोनच्या बाहेरच्या टोकाकडे आणि पात्यावरच्या आडव्या कडेकडे जाणारा. उंचावलेल्या हाताखाली पातं फिरवून धरायचं, तर त्याला काम करावंच लागतं. मंगळवारी सांगाड्यावरून जे जुळवत बसले होते ते काकूंनी एका बोटाने दाखवलं. दुसऱ्या भागात मी मानेची ती उतरण पुन्हा काढली, या वेळी तिथे दाब देऊन, गडद. इतका वेळ आळीपाळीने हात उचलून स्तब्ध राहणाऱ्या माणसाला विचारल्याशिवाय राहू नये, कारण ओझं कुठे गेलंय हे त्यालाच आतून कळत असतं. यापुढे प्रत्येक विश्रांतीत मी हा प्रश्न विचारणार आहे.

नंतर काकू स्टुलावर बसल्या आणि गुडघे समोर आले. उभ्या पायात वाटी वर दिसते, तिच्याखाली जाड कंडरा आणि नडगीवरचा उंचवटा. दुमडलेल्या गुडघ्यात सगळं चौकोनी होतं आणि वाटी खाली उतरल्यासारखी वाटते. घरी येऊन शोधलं. वाटी आणि नडगी यांना जोडणारी ती पट्टी लांब-आखूड होत नाही, म्हणून वाटीचं नडगीपासूनचं अंतर तेच राहतं; गुडघा दुमडताना मांडीचं हाड तिच्यामागे घरंगळत जातं. बसलेल्या गुडघ्याला चौकोनी समोरची बाजू येते ती मांडीच्या हाडाच्या रुंद टोकामुळे.

ट्रेसिंग पेपर अजून शिल्लक आहे. उद्या सकाळी सरळ, अर्धा वाकलेला आणि पूर्ण दुमडलेला असे तीन गुडघे एकाच उंचीचे काढून, वाटी ते नडगी हे अंतर कंपासने तिन्हींत मोजून बघते.