दहावी मी

आमच्या ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, मी लहानपणापासून बायकांच्या बाजूला बसत आले. पुढे हझ्झान प्रार्थना म्हणायचे, मुकादम कोण आलं कोण नाही ते बघायचे आणि पुरुष दहा झाले की सुरुवात. दहा म्हणजे मिन्यान. दहा नसतील तर कद्दीश, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणता येत नाही, तोरा, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाची गुंडाळी, बाहेर काढून वाचता येत नाही. बायका चाळीस असल्या तरी त्या मोजणीत नाहीत. मला कधी त्याचं वाईट वाटलं असंही नाही, असंच असतं एवढंच माहीत होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आम्ही बेने इस्रायल, कोकणातले मराठी ज्यू. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे म्हणून जुने लोक आम्हाला शनवार तेली म्हणायचे. आजोबांचं घर अलिबागला, इस्रायल आळीत.

तर तीन वर्षांपूर्वी नोकरीसाठी बॉस्टनजवळ सॉमरव्हिलला आले आणि ऑफिसातल्या एका मैत्रिणीबरोबर शनिवारी सकाळी तिच्या मिन्यानला, म्हणजे प्रार्थनेच्या गटाला, गेले. चर्चचा भाड्याने घेतलेला हॉल, घडीच्या खुर्च्या, रबाय म्हणजे धर्मगुरू नाही, पगारी माणूस एकही नाही. दारात एका बाईने पुस्तक हातात दिलं, मग माझ्याकडे बघून ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटली आणि हसून आत वळली. नंतर कळलं की ती मोजत होती. आम्हा ज्यूंमध्ये माणसं एक दोन तीन करून मोजत नाहीत, म्हणून स्तोत्र २८ मधली एक ओळ म्हणतात, "होशिया एत अमेखा" अशी सुरू होणारी, हिब्रूत बरोब्बर दहा शब्द आहेत तिच्यात, माणशी एक शब्द. माझ्यावर शेवटचा शब्द आला होता, हाओलाम. इथे बायकांनाही मोजतात. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी मी पहिल्यांदा मोजणीत आले आणि माझ्यामुळे प्रार्थना सुरू झाली, त्या सकाळी बाकी काय झालं ते मला खरंच आठवत नाही.

असे गट इथे बरेच आहेत. हवुरा म्हणतात, हावेर म्हणजे मित्र त्यावरून. १९६८ साली बॉस्टनच्या याच भागात हवुरात शालोम सुरू झालं, तरुण मंडळींना मोठमोठ्या सिनेगॉगमध्ये नुसतं बसून ऐकायचा कंटाळा आला होता, सगळं आपणच करायचं असं त्यांनी ठरवलं. हवुरात शालोम अजून चालू आहे, सॉमरव्हिलमधल्या एका साध्या घरात.

आणि सगळं आपणच करायचं म्हणजे अक्षरशः सगळं. गणपती मंडळात राबलेल्यांना लगेच कळेल. एक गूगल शीट असते, त्यात प्रार्थना कोण चालवणार, तोरा कोण वाचणार, त्यावर दहा मिनिटं कोण बोलणार, खुर्च्या कोण लावणार, नंतरचं जेवण कोण आणणार (शनिवारी चूल नाही, म्हणजे शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत सगळं शिजवून तयार), लहान मुलांकडे कोण बघणार. गुरुवारपर्यंत शीट भरली नाही की मेसेज सुरू. भांडी घासायला मात्र दर वेळी तेच पाच जण असतात, हे मला आवडत नाही आणि मी मीटिंगमध्ये ते बोललेही.

सहा महिन्यांनी मला विचारलं, गब्बाई होशील का? मी दचकलेच, कारण आमच्याकडे गब्बाई म्हणजे सिनेगॉगचा खजिनदार, पैसे सांभाळणारा. इथे गब्बाई म्हणजे तोरा वाचताना शेजारी उभं राहणारा माणूस. दोघं असतात, वाचणाऱ्याच्या दोन बाजूंना. एक जण माणसांना नावाने पुढे बोलावतो, शब्बाथला, म्हणजे शनिवारी, सात जण आणि वर एक. दुसरा छापील पुस्तकावर बोट ठेवून ऐकतो. तोराच्या गुंडाळीत तीन लाखांच्या वर अक्षरं आहेत, ३,०४,८०५, आणि ना काना ना मात्रा ना वेलांटी, ना विराम, ना सूर. वाचणारा हे सगळं घरी पाठ करून येतो. अर्थ बदलेल अशी चूक झाली तर गब्बाईने लगेच सांगायचं, पण फक्त त्याला ऐकू जाईल इतक्या हळू. गेल्या हिवाळ्यात साठीचे एक काका आयुष्यात पहिल्यांदा वाचत होते, कपाळावर घाम, एका शब्दाला अडकले, मी तो शब्द पुटपुटले, त्यांनी मान न वळवता उचलला आणि पुढे गेले. त्या कामात हाच भाग मला सगळ्यात आवडतो.

मला पहिल्यांदा पुढे बोलावलं तेव्हा अमुकची मुलगी म्हणून बाबांचं नाव घेतलं आणि पाठोपाठ आईचंही. आईचं नाव मी सिनेगॉगमध्ये कधीच ऐकलं नव्हतं. फोनवर तिला सांगितलं तर ती बराच वेळ काही बोललीच नाही.

दाराशी उभं राहण्याचीही ड्युटी असते. २७ ऑक्टोबर २०१८ ला पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये गोळीबारात अकरा जण गेले, त्या इमारतीत भरणाऱ्या तीन गटांपैकी दोर हदाश हा तेव्हा असाच सभासदांनी चालवलेला गट होता. तेव्हापासून कितीतरी ठिकाणी दारात कुणीतरी उभं असतं. मला ती ड्युटी आवडत नाही. पण नव्याने आलेल्याला पहिलं दिसणारं माणूस मीच असते, म्हणून नीट करते.

सध्या माझ्याकडे शिवाचं, म्हणजे सुतकाच्या सात दिवसांचं, काम आहे. कुणाच्या घरी माणूस गेलं की सात दिवस रोज संध्याकाळी तिथे दहा जण जमवायचे, म्हणजे घरच्यांना कद्दीश म्हणता येतो. आजी गेली तेव्हा अलिबागच्या आमच्या घरात पुरुष सहाच होते. काका दुपारपासून फोनवर, पेणला, मुंबईला, ठाण्याला, शेवटी ठाण्याहून गाडी करून चौघं आले तोवर रात्र झाली होती. आम्ही आठ बायका स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होतो, आजीला शेवटपर्यंत आम्हीच बघितलं होतं. हे मी इथे आल्यावरच पहिल्यांदा मोजलं, सहा आणि आठ.

आज मंगळवार. आमच्यातल्या एका म्हाताऱ्या बाईंचा भाऊ गेलाय, संध्याकाळी सातला त्यांच्याकडे जायचंय. बाहेर बर्फ पडतोय, दोघांनी जमणार नाही म्हणून कळवलं. माझ्यासकट नऊ झालेत. आता तोरा वाचताना अडकलेल्या त्या काकांना फोन लावते.