एका नांदूरहून दुसऱ्या नांदूरला

नाशिकच्या सायकलवाल्यांना चढाचं भारी वेड. रविवार उजाडला की कोणी त्र्यंबककडे, कोणी कसाऱ्याकडे, कोणी थेट सप्तशृंगीच्या घाटात. मीही त्यातलाच होतो, गुडघा बोलायला लागेपर्यंत. म्हणून डिसेंबरात मामेभावाला म्हटलं, यंदा चढ नको. पाणी जिकडे जातं तिकडे आपण जाऊ. गोदावरी काही घाट चढत नाही.

नाशिकच्या नांदूर नाक्यावरून निघायचं आणि निफाड तालुक्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला पोचायचं, एवढाच बेत. पक्षी अभयारण्याच्या चापडगाव गेटपर्यंत साधारण ४० किलोमीटर. पुढे कालव्याच्या कडेने जमेल तितकं, आणि परत.

पहिली चूक वेळेची. साडेपाचला निघालो. निफाडची थंडी पेपरात वाचतो तेव्हा ती कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा असते; हँडलवर बोटं असताना ती वेगळीच असते. ओढा गावाच्या पुढे बोटं ब्रेक दाबेनात. रस्त्यालगतच्या द्राक्षबागांत कडेने शेकोट्या पेटवलेल्या होत्या. मणी तडकू नयेत म्हणून बागायतदार रात्रभर धूर करतात. आम्ही एका शेकोटीपाशी हात शेकत उभे राहिलो. मालकाने काही विचारलं नाही, फक्त एक काटकी आत सारली. तर डिसेंबर-जानेवारीत पूर्ण बोटांचे हातमोजे घ्या आणि उजाडल्यावरच निघा. दुसरं कारण बिबट्या. निफाडच्या उसात तो असतो. ही ऐकीव भीती नाही, तिथली माणसं अंधारात शेतावर एकटी जात नाहीत. मग आपण कशाला शहाणपण करायचं?

चांदोरीपर्यंतचा रस्ता हायवेचा आहे. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. डावी कड सोडू नका, मागचा दिवा चालू ठेवा आणि ऊस भरलेल्या ट्रॅक्टरला ओव्हरटेक करायच्या फंदात पडू नका. दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात आणि मागची आपल्याच तंद्रीत डुलत असते. हा पट्टा टाळायचा असेल तर सायकली गाडीवर टाकून थेट सायखेड्याला उतरा. मी पुढच्या वेळी तेच करणार आहे.

खरी सहल चांदोरीच्या पुलावर सुरू होते. पाणी उतरलं की इथे नदीपात्रातली जुनी दगडी मंदिरं उघडी पडतात. आम्हाला नुसतं पाणी दिसलं आणि त्यावर धुकं. २०१९च्या पुरात चांदोरी आणि सायखेडा, दोन्ही गावांत ही नदी शिरली होती. त्या दिवशी मात्र ती हलतेय की नाही हेही कळत नव्हतं.

सायखेड्यात चहा आणि भेळभत्ता. भत्त्यातली तळलेली मिरची मामेभावाने सकाळी सात वाजता खाल्ली, त्याचं पुढे काय झालं ते सांगत नाही. सायकलीभोवती चार माणसं जमली. ठरलेले प्रश्न: कितीची? गेर किती? किंमत खरी सांगायची नाही, हा नियम मी पाळतो. अर्धी सांगितली तरी एक बाबा म्हणाले, "एवढ्यात तर दुभती म्हैस आली असती."

सायखेड्याहून चापडगावपर्यंत डांबरी सोडून शिवाररस्ते धरले. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला द्राक्ष, मधे मुरमाची वाट आणि ओढ्याकाठी करंज, उंबर, चिंच. सावली इतकी की जर्किन काढावंसं वाटेना. मात्र मोबाईलच्या नकाशावर आंधळा विश्वास ठेवू नका. त्यात शेताचा बांधही रस्ता म्हणून दिसतो. आम्ही दोनदा तारेच्या कुंपणापाशी जाऊन थांबलो. शेतात माणूस दिसला की विचारा. "दादा, ही वाट पुढं निघते का?" एवढं पुरतं. आणि बागेत ब्लोअरने फवारणी चालू दिसली तर वारा कुठला आहे ते बघून लांबच थांबा. पाच मिनिटांत ट्रॅक्टर पुढे सरकतो, औषध छातीत जायला एक श्वास लागतो.

चापडगावला सायकली गेटवर लावून तिकीट काढलं आणि पायी आत गेलो. गावातलीच पोरं गाईड म्हणून येतात, त्यांच्याकडे टेलिस्कोप असतो. दोन पैसे वाचवायला त्यांना नको म्हणू नका. आम्हाला जिथे नुसती बदकं दिसत होती तिथे त्या पोराने थापट्या, हळदीकुंकू आणि चक्रवाक वेगळे करून दाखवले. पाणवनस्पतींत काळ्या पक्ष्यांची रांग चालली होती, प्रत्येकाच्या कपाळावर पांढरा टिळा. त्याचं नाव वारकरी. ज्या गावातून दरवर्षी सायकलींची वारी पंढरपूरला जाते, त्या गावच्या आम्हा दोघांना हे नाव माहीत नव्हतं.

ही पाणथळ कोणी ठरवून केलेली नाही. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात दगडी बंधारा बांधला, तो शेतीसाठी. मागे गाळ साठत गेला, पाणी उथळ झालं, बेटं तयार झाली, गवत माजलं आणि पक्षी उतरले. पाटबंधारेवाल्यांच्या हिशेबात जो तोटा, तो बदकांचा फायदा. १९८६मध्ये अभयारण्य झालं आणि २०२०मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जगाने दखल घेतलेली पाणथळ जागा.

याच बंधाऱ्यापासून गोदावरीचे डावा आणि उजवा असे कालवे निघतात. गंगापूर आणि दारणा धरणांतून नदीत सोडलेलं पाणी इथे येतं आणि कालव्यांनी पुढे कोपरगाव, राहात्याकडे जातं. त्यावरून दर उन्हाळ्यात नाशिक-नगर भांडण पेटतं, तो विषय निराळा. आम्हाला हवा होता तो उजव्या कालव्याचा भराव, त्यावरची मुरमाची वाट. कालव्याला किलोमीटरमागे जेमतेम वीत-दीड वीत उतार असतो, त्यामुळे वाटेला चढ असा नाहीच. एक गिअर टाकला आणि विसरून गेलो. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला खाली पसरलेली शेतं, मधेच एखादी मोरी, चारीचं गेट, कपडे धुणाऱ्या बायका. तिथे उतरून चालत जा. वाट अरुंद आहे आणि त्यांचे पिळे आपल्या चाकाखाली येतात.

आवर्तन, म्हणजे शेतीसाठी कालव्यात सोडलेलं पाणी, चालू आहे का, हे मात्र आधी विचारून घ्या. आम्हाला एका म्हाताऱ्याने सांगितलं होतं, "पाट चालू हाये, म्होरं पाझर लागंल, तिकडं जाऊ नका." आम्ही गेलो. दोन किलोमीटरवर भरावातून पाझर होता आणि काळ्या मातीने दोन्ही चाकं सांगाड्यात अशी धरली की सायकल ढकलताही येईना, उचलूनच आणावी लागली. काटकीने चिखल काढताना मामेभाऊ एक शब्द बोलला नाही. ते मिरचीमुळे असेल. म्हाताऱ्याच्या समोरूनच परतलो. त्यांनी आमच्याकडे बघितलं आणि तंबाखू मळायला घेतली.

पंक्चर चार झाले, सगळे वेड्या बाभळीचे. काटा बोटभर लांब असतो आणि कडक. माझ्या ४० मिलिमीटरच्या ट्यूबलेस टायरांत सीलंट होतं, तीन भोकं आपोआप बुजली, चौथ्याला प्लग मारला. ट्यूब असतील तर दोन जास्तीच्या घ्या. हवेचा दाब ३५-४० पीएसआयवर उतरवला की मुरूम सुखाचा होतो, पण हायवेला लागताना परत भरायला पंप लागतो. आमचा पंप गाडीत राहिला होता आणि गाडी नाशकात.

पावसाळ्यात इकडे येऊच नका, काळी माती पायी चालू देत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. झाडीच हवी असेल तर गिरणाऱ्याहून वाघेरा घाटाने हरसूलकडे जा, साग आणि मोह भरपूर. पण तिथे चढ आहे आणि चढाबद्दल मी आता काही बोलत नाही.

परतीला एक गोष्ट उशिरा लक्षात आली. सकाळी पाय इतके हलके चालत होते की मला वाटलं, गुडघा बरा झाला. नदी उताराला वाहते आणि आम्ही तिच्याबरोबर आलो होतो. नाशिक वर आहे. लाखलगावला दुपारचे दोन वाजले, पाणी संपलं होतं आणि टायरात हवा अर्धी. रस्त्याकडेच्या द्राक्षाच्या शेडवरच्या बाईंनी तांब्या भरून दिला आणि विचारलं, "कुठून आले?"

"नांदूरहून."

"आणि चालले कुठं?"

"नांदूरला."

त्यांनी तांब्या परत घेतला आणि आतल्या कोणाला तरी हाक मारली, बहुतेक आम्हाला दाखवायला.