मोहन दोनदा पडलं

तुळशीचं लग्न लागलं, पोरं उसाची कांडकी मोडून घेऊन गेली, घर शांत झालं. मी मात्र अजून त्या मंगळवारच्या रात्रीत आहे. अक्कांच्या मागच्या पडवीत, तेलाच्या वासात.

तीन आठवडे होत आले. आमच्या बायकांच्या गटाची दिवाळीच्या फराळाची ऑर्डर वेळेवर गेली, पैसे आले, पुढच्या दिवाळीचंही गिऱ्हाइकांनी आत्ताच विचारून ठेवलंय. कोणाचं काही अडलेलं नाही. फक्त सुनंदा मला आता ‘तुम्ही’ म्हणते. 15 वर्षं ‘ए, ऐक ना’ म्हणत आली. काल भाजी घेताना भेटली तर म्हणाली, ‘शनिवारच्या मीटिंगला येताय ना तुम्ही?’ हसूनच म्हणाली. घरी येऊन पिशवी ठेवली आणि बराच वेळ तशीच उभी राहिले.

मी एक वाक्य बोलले होते. ‘मी तेव्हाच म्हटलं होतं, 60 किलो नको.’ एवढंच. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, ‘एवढ्याशा बोलण्याचं काय धरून बसलीस?’

आणि मी म्हटलं ते खरं होतं. निदान इथे तरी लिहून ठेवते. ऑर्डर घ्यायची ठरली त्या दिवशी मी कागदावर हिशोब मांडून नेला होता. 60 किलो चकली, 40 किलो चिवडा, 500 बेसनाचे लाडू, हातात 6 दिवस. दोन शेगड्या, दोन सोरे. एका शेगडीवर तासाला दीड किलो चकली निघते, तीही सोरा दाबणारीचा हात भरून येईपर्यंत. म्हणजे नुसत्या चकलीला 20 तास. आम्ही सातजणी, प्रत्येकीच्या मागे घर. दुपारी दोन ते सहा एवढाच काय तो वेळ. पाच दुपारी चकलीनेच खाल्ल्या, मग चिवडा आणि लाडू कधी करायचे? सुनंदाने कागद हातातसुद्धा घेतला नाही. ‘अशा शंका काढत बसलं तर गट मोठा कधी व्हायचा गं?’ म्हणाली. सगळ्यांचे हात वर झाले. मीही केला. कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली.

मंगळवारपर्यंत आम्ही रात्रीचंही बसायला लागलो होतो. 8 किलोची भाजणी मळलेली होती. पहिली चकली कढईत सोडली आणि ती विरघळली. दुसरीही तशीच. कढईत नुसता गाळ. कोणाच्या तोंडून शब्द फुटेना. मोहन, म्हणजे पिठात घालायचं कढत तेल, दोनदा पडलं होतं. सुनंदाने कढत तेल घालून परात झाकली आणि फोन आला म्हणून ती बाहेर गेली. लताताईंनी झाकण काढलं, पीठ वरून कोरडंच दिसलं, त्यांनी पुन्हा घातलं.

त्या शांततेत मी ते वाक्य बोलले.

सुनंदाने हात पदराला पुसले आणि म्हणाली, ‘अक्का, डाळी कुठे आहेत? बिनमोहनाचं पीठ मिसळलं की सुधारेल.’ मग तांदूळ-डाळी भाजणं, गिरणीवाल्या दादांना उठवून दहा वाजता शटर उघडायला लावणं, सगळं झालं. पहाटे तीनला शेवटचा घाणा निघाला. चकली चांगली झाली होती. मला कोणी काही बोललं नाही. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

शनिवारी नव्या गटातल्या बायका येणार आहेत. त्यांना कबुतरांची गोष्ट मी सांगायची, असं अक्कांनी ठरवलंय. दरवर्षी मीच सांगते, एकीचं बळ म्हणून. यंदा जीभ रेटेना, म्हणून बाबांचा हितोपदेश काढला. ही गोष्ट पंचतंत्रातही आहे, पण बाबांना हितोपदेशकार नारायणपंडिताची प्रिय, कारण तिथे ती आपल्याच नदीकाठी सुरू होते. ‘अस्ति गोदावरीतीरे विशालः शाल्मलीतरुः’. शाल्मली म्हणजे काटेसावर. नाशकात गंगेवर, म्हणजे गोदावरीवरच, फिरायला गेलो की बाबा एखाद्या सावरीकडे बोट दाखवायचे आणि म्हणायचे, गोष्टीतल्या त्या कावळ्याने सगळं इथूनच पाहिलं.

दाणे, जाळं, सगळे एकदम उडाले, उंदराने पाश कुरतडले. मी सांगते ती गोष्ट एवढीच. मधला एक तुकडा मी इतकी वर्षं गाळत आले आहे, वेळ जातो म्हणून.

कबुतरांचा राजा चित्रग्रीव वरूनच म्हणाला होता की निर्मनुष्य रानात तांदळाचे दाणे कुठून येतील? उतरू नका. हातात सोन्याचं कडं घेऊन वाटसरूला बोलावणाऱ्या म्हाताऱ्या वाघाची अख्खी गोष्ट सांगितली त्याने. तेव्हा एक कबुतर तोऱ्यात म्हणालं, असा प्रत्येक ठिकाणी संशय घ्यायचा तर खायचंच बंद करावं लागेल. (मी इथे थांबले. शब्द जवळजवळ सुनंदाचेच.) सगळे उतरले आणि सगळे अडकले. मग ज्याच्या सांगण्यावरून उतरले, त्यालाच टाकून बोलायला लागले.

तेव्हा चित्रग्रीव म्हणतो, त्याचा दोष नाही. संकटात गांगरणं हेच भित्र्याचं लक्षण. धीर धरा, उपाय बघा, सगळे मिळून जाळं उचला.

‘मी तेव्हाच म्हटलं होतं’ असं म्हणायचा हक्क त्या थव्यात फक्त त्याला होता. बाबांनी त्या ओळींच्या बाजूला पेन्सिलीने उभी रेघ मारली आहे. शब्द एकही नाही.

पहिल्यांदा मला रागच आला. जो बरोबर असतो त्यानेच का गिळायचं? हिशोब मी करायचा, तो कोणी बघायचाही नाही, मग रात्रभर सोरा मीच दाबायचा आणि वर समजूतदारपणाही मीच दाखवायचा. घराच्या वाटणीच्या वेळी दादासमोरही असंच… जाऊ दे, ते इथे नको.

जातकांमध्येही, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथांमध्येही, अशीच एक गोष्ट आहे, लावा पक्ष्यांची. 33वं जातक. तेही जाळं घेऊन उडतात, रोज निसटतात. एक दिवस उतरताना एकाचा पाय दुसऱ्याच्या डोक्याला लागतो आणि तेवढ्यावरून भांडण पेटतं. जाळं काय तू एकटाच उचलतोस काय, असं एकमेकांना विचारायला लागतात. त्यांचा शहाणा म्होरक्या म्हणजे बोधिसत्त्व. आता यांचं खरं नाही हे ओळखून तो आपलं ऐकणाऱ्यांना घेऊन निघून जातो. मागे राहिलेले दुसऱ्यानेच सुरुवात करावी म्हणून वाट पाहत बसतात आणि पारध्याच्या टोपलीत जातात. महाभारताच्या उद्योगपर्वात विदुर धृतराष्ट्राला सांगतो ती दोन पाखरंही तशीच. पारधी खालून नुसता धावत असतो. कधीतरी यांचं बिनसेल, एवढाच त्याचा भरवसा.

म्हणजे मला दोन वाटा होत्या. पटत नव्हतं तर उठून जायचं, नाहीतर चित्रग्रीवासारखं बरोबर उतरायचं. तोही उतरला होता हे आज पहिल्यांदा लक्षात आलं. दाणे संशयाचे आहेत हे माहीत असून थव्याबरोबर उतरला.

मीही उतरले की. पण तो उतरला तो उतरलाच. मी जाळ्याची वाट बघत उतरले होते.

जे लिहायचं टाळत होते ते हे. मी तिथेच पाटावर बसून सोऱ्याची चकती साफ करत होते. सुनंदाने मोहन घातलं ते मी पाहिलं होतं. लताताईंनी झाकण काढलं, पळी उचलली, तेही पाहिलं. शब्द ओठांपर्यंत आला होता. मग वाटलं, दुसऱ्या परातीचं असेल. खरंच वाटलं का तसं? तीन आठवडे स्वतःला विचारतेय. कधी उत्तर येतं, दमले होते, क्षणभराची गोष्ट. कधी येतं, तो कागद सहा दिवस पर्समध्ये का ठेवला होतास? रोज पैसे काढताना हाताला लागायचा. फेकून का दिला नाहीस?

आणि 60 किलोचा मोहनाशी संबंध तरी काय? मोहन 2 किलोलाही दोनदा पडलं असतं. घातलं की सांगायचं, झाकणावर खडूची रेघ मारायची, एवढंसुद्धा आमचं ठरलेलं नव्हतं. माझ्या कागदावर तास होते, किलो होते. परातीजवळ कोण, हे कुठेच नव्हतं. म्हणजे नियोजन माझंही अपुरंच होतं आणि त्या रात्री मी ज्याला ‘तेव्हाच’ म्हटलं, ते मी तेव्हा म्हटलंच नव्हतं.

हे लिहिल्यावर छातीवरचं ओझं जरा हललं.

पुढे वाचत गेले. गोदावरीपासून गंडकीपर्यंत जाळं वाहून नेतात ती कबुतरं, हिरण्यक उंदराच्या बिळाशी. शंभर तोंडांचं बीळ आहे त्याचं. संकट येईल हे धरूनच राहणारा प्राणी, आणि त्याला कोणी भित्रा म्हणत नाही. तो आधी मित्राचे पाश तोडायला धावतो. चित्रग्रीव म्हणतो, आधी माझ्या माणसांचे तोड. तेव्हा उंदीर सरळ सांगतो की माझी ताकद थोडी, दात कोवळे. आधी तुझे तोडतो, मग दात टिकतील तोवर यांचे. शेवटी तो सगळ्यांचेच तोडतो, पण दात किती ते आधी सांगून टाकतो.

माझा हिशोबही तेवढाच होता, की आपल्याला दात किती आहेत. तो मांडला यात काही चुकलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा मांडेन, दोनदा मांडेन, सुनंदाच्या शेजारी बसून मांडेन. कढईसमोर मात्र तो उघडायचा नव्हता.

आणखी एक आठवलं. त्या रात्री लताताई रडायला लागल्या होत्या. सुनंदा त्यांना म्हणाली, ‘अहो, मी सांगून जायला हवं होतं.’ आपला फोन, आपली परात, एवढंच बोलली. गटाच्या वहीत तोट्याखाली तिनेच लिहिलंय, तेल 5 किलो, पीठ 2 किलो. कारणाचा रकाना कोरा. लताताईंचं नाव कुठे यायला नको म्हणून कोरा सोडलाय, हे मला कालच कळायला हवं होतं.

तिचा सोरा माझ्याकडेच राहिलाय, पितळी, तिच्या आईचा. चिंच लावून ठेवलाय, सकाळी घासून नेऊन देते. वही तिच्याकडे आहे, ती मागून घेईन आणि कारण लिहीन. मोहन दोनदा पडलं. मी पाहिलं होतं, बोलले नाही. खाली सही करीन.

चकल्यांची बारीक चकती सापडत नाहीये. तीही शोधायला हवी, तिच्याशिवाय सोरा कसा परत करू?