‘घरात अपंग कोणी आहे का?’ असं विचारू नका

दिव्यांग मुलांच्या कुटुंबांसाठी काम करणारे आपल्याकडचे बरेच गट निवेदनापासून सुरुवात करतात. निवेदनात ‘अनेक बालके वंचित’ असं लिहिलेलं असतं. साहेब विचारतात, ‘अनेक म्हणजे किती?’ गाडी तिथेच अडते. म्हणून आधी गावाची मोजणी करा, निवेदन मागाहून लिहा.

मोजणी पहिल्याच प्रश्नात फसते. दारात उभं राहून ‘घरात अपंग कोणी आहे का?’ म्हटलं की उत्तर ‘नाही’ येतं. लाज असते, मुलीच्या लग्नाची काळजी असते, आणि कमी ऐकू येणारं पोर घरच्यांना अपंग वाटतही नाही. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 29.63 लाख दिव्यांग नोंदले गेले, पण त्या मोजणीत प्रकार आठच होते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ते 21 झाले. त्यात सिकलसेल आणि थॅलेसेमिया हे रक्ताचे आनुवंशिक आजार आहेत. सिकलसेल जास्त आढळणाऱ्या सातपुड्याच्या पाड्यांवर त्याचा कॉलम नसलेला फॉर्म नेणं म्हणजे अर्धं काम घरी ठेवून जाणं.

युनिसेफ आणि वॉशिंग्टन ग्रुप (दिव्यांगत्व कसं मोजायचं ते ठरवणारा संयुक्त राष्ट्रांचा गट) यांनी 2016 मध्ये मुलांसाठी प्रश्नावली दिली. 2 ते 4 वर्षांसाठी एक संच, 5 ते 17 साठी दुसरा. तिची गंमत ही की आजाराचं नाव कुठेच विचारत नाहीत, ‘त्रास होतो का’ एवढंच विचारतात. बहुतेक प्रश्नांना उत्तरं चार: काहीच त्रास नाही, थोडा, खूप, अजिबात जमत नाही. ‘खूप’ किंवा ‘अजिबात जमत नाही’ आलं की ते मूल यादीत येतं. प्रश्न पुस्तकी मराठीत नकोत. खानदेशात अहिराणीतून ‘पोर्‍याले चालाले तरास व्हस का?’ असं विचारलं की आई मोकळी होते. पावरी-भिली बोलणाऱ्या गावात तिथलीच आशाताई बरोबर घ्या. मोठ्या माणसांचा सहा प्रश्नांचा छोटा संच लहान मुलांना लावू नका. त्यात शिकण्याच्या आणि वागणुकीच्या अडचणी सुटून जातात.

सिकलसेलची नोंद वेगळी ठेवा, कारण ‘त्रास होतो का’ या प्रश्नात तो सापडत नाही. दुखण्याचा झटका नसेल त्या दिवशी पोरगं धावत असतं. तपासणीचा कागद बघा. रक्ताची सोल्युबिलिटी चाचणी ही नुसती चाळणी आहे, खात्री इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या पुढच्या चाचण्यांनी होते. कागदावर ‘एएस’ असेल तर मूल वाहक आहे, म्हणजे त्याला स्वतःला आजार नाही, त्याला दिव्यांग दाखला मिळत नाही. ‘एसएस’ असेल तर आजार आहे, दाखल्यासाठी तपासणी होऊ शकते. हा फरक न सांगता वाहकांनाही सिव्हिल हॉस्पिटलला पाठवलं की माणसं परत दारात उभी करत नाहीत. आणि वहीत नावाऐवजी क्रमांक घाला. ‘एसएस’ची यादी गावात फुटली तर मुलीचं लग्न अडतं.

वेळ कोणती? दिवाळीनंतर धुळे-नंदुरबारची कुटुंबं ऊसतोडीला जातात, जळगावकडे कापूस वेचणी जोरात असते. तेव्हा केलेली मोजणी खोटी निघते. अखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) पेरणीपर्यंत माणूस गावात सापडतो, तेवढ्यातच उरका.

आता खर्चाचा तक्ता. माझ्या मते सगळ्या कामातला सर्वात मोलाचा कागद हाच. एका दिव्यांग दाखल्यापायी सिव्हिलच्या किती फेऱ्या झाल्या, आणि दर फेरीला गाडीभाडं, बुडालेली मजुरी, खाणं, झेरॉक्स किती, ते लिहा. समजा मजुरी 300, दोघांचं भाडं 300, बाकी 100. एक फेरी 700 ची झाली, तीन फेऱ्या 2,100 च्या. ‘परत का बोलावलं?’ हा कॉलम विसरू नका. कानांची बेरा तपासणी राहिली, बुद्ध्यांकाची चाचणी घेणारे त्या दिवशी नव्हते, आधार आणि शाळेच्या दाखल्यात नाव वेगळं. शेवटचं कारण गावातच मिटतं. 5 आणि 15 व्या वर्षी आधारचे ठसे नव्याने द्यावे लागतात, तेव्हाच नावही जुळवून घ्या. लहान मुलांचा दाखला बहुधा मुदतीचा असतो. मुदत कधी संपते ती तारीख वहीत लाल पेनाने लिहा.

यादी आणि तक्ता हातात आला की ग्रामपंचायतीने दिव्यांगांसाठी राखायच्या पाच टक्के निधीकडे वळा. पाच टक्के हे पंचायतीच्या स्वउत्पन्नाचे (घरपट्टी, पाणीपट्टी असं स्वतः गोळा केलेलं), आलेल्या सगळ्या निधीचे नव्हेत. इथे चुकलं की ग्रामसेवक (आताचा ग्रामपंचायत अधिकारी) एका वाक्यात घरी पाठवतो. माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांचा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे थोडक्यात मागा: मागच्या तीन आर्थिक वर्षांचं स्वउत्पन्न, त्यातून दिव्यांगांसाठी राखलेली रक्कम, झालेला खर्च कशावर. लाभार्थ्यांची नावं मागू नका, संख्या पुरे. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, त्याला 20 रुपये.

उत्तर आलं की विषय ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत घालायला लेखी द्या आणि पोच घ्या. पोचेशिवाय दिलेला कागद म्हणजे वारा. त्याआधीच्या महिला सभेत आयांनी तक्ता वाचून दाखवावा. मुख्य सभेत पुरुष बोलू देत नाहीत हे सगळ्यांना माहीत आहे, उगाच लपवू नये. ठरावात ‘सहकार्य करावे’ असं मोघम चालत नाही. ‘दाखल्याच्या वैद्यकीय बोर्डाच्या दिवशी सिव्हिलला जाणाऱ्या मुलांच्या गाडीभाड्यासाठी अमुक रक्कम’ असा आकडा हवा, आणि तो तुमच्याच तक्त्यातून आलेला हवा.

ठरावाची नक्कल मिळाली की दोन झेरॉक्स काढा. एक पंचायत समितीला, दुसरी ज्या घरांनी माहिती दिली त्यांना वाचून दाखवायला.